सगळं आपलं आपण

हदगावच्या पुढं, डांबरी सडक सोडून थोडं आत असलेल्या त्या गावात कुणालाही विचारलं, तरी एकच उत्तर मिळायचं. फौजी व्यंकटराव सगळं आपलं आपण करतात. कंबरेखालचं अंग साफ गेलेलं, पण माणूस बघा कसा राहतो. दूधवाला गल्लीत शिरायच्या आत ओट्यावर चाकाच्या खुर्चीत हजर. दाढी गुळगुळीत, केस पाणी लावून बसवलेले, शर्टाला कडक इस्तरी, मांडीवर शाल आणि शालीवर पेपर. जाणाऱ्या-येणाऱ्याला नाव घेऊन हाक मारायची, कापसाचं, सोयाबीनचं विचारायचं, आणि स्वतःचं कुणी विचारलंच तर एकच शब्द, मजेत. पोरं आंघोळीला कंटाळली की आया त्यांना फौजींचं नाव घेऊन दटावत.

यातलं निम्मं खरं होतं आणि निम्मं साफ खोटं. खोटं होतं ते मात्र मोठं देखणं होतं, एकोणीस वर्षं टिकलेलं होतं, आणि ते रोज पहाटे उठून अयोध्या आपल्या हातानं नव्यानं तयार करत होती.

अयोध्या म्हणजे व्यंकटरावांची बायको. अहमदपूरकडची पोर, बाविसाव्या वर्षी कडेवर एका वर्षाची लेक दीपाली घेऊन दारात उभी होती तेव्हा तार नाही, फोन आला. काश्मिरात गस्तीवर असताना कडा कोसळला, तिघं खाली गेले, दोघं वारले. व्यंकटराव वाचले, पण पाठीचा कणा मोडला. वर्षभर लष्कराच्या दवाखान्यात काढून माणूस घरी आला तो झोळीतून. पहिल्याच आठवड्यात भावकी भेटायला जमली. त्यातल्या एका चुलतीनं लघवीची पिशवी बघून नाकाला पदर लावला. बोलली काही नाही, नुसता पदर लावला. व्यंकटरावांनी भिंतीकडं तोंड केलं ते दोन दिवस जेवले नाहीत. त्याच दिवशी अयोध्यानं कानाला खडा लावला. आता या घरात काय चालतं ते कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही.

आणि तिनं ते पडू दिलं नाही. साडेचारला उठायचं. पाणी तापवून आधी आपल्या कोपरावर ओतून बघायचं, कारण त्याच्या पायाला चटका बसला तरी त्याला कळायचं नाही. पिशवी रिकामी करायची, नळी धुवायची. एका दिवसाआड हातमोजा घालून पोट मोकळं करून द्यायचं. अंग पुसायचं, पाठ, कुल्ले, टाचा उजेडात धरून इंच न इंच बघायच्या, कुठं लाल दिसलं तर त्या दिवशी त्या बाजूवर भार द्यायचा नाही. खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, कारण मुंग्या चढल्या तर त्या कुरतडतील आणि हा शांत झोपलेला असेल. निजल्या निजल्या कपडे चढवायचे, मग बगलेतून हात घालून, आपले गुडघे त्याच्या गुडघ्यांना अडवून, एका झटक्यात खुर्चीत. पिशवीवर शाल. खुर्ची ओट्यावर. आणि मग अंगण झाडत झाडत शेजारणीला म्हणायचं, “आज लईच उशीर झाला बाई उठायला.”

ही आळशी म्हणून गल्लीत तिची थोडी थट्टाही व्हायची. ती तेवढी सोसून घ्यायची.

या सगळ्यात सरकार शिरलं ते सुभेदार अर्जुनरावांमुळं. हे अर्जुनराव हदगावला राहायचे, फौजेतून येऊन वीस वर्षं झालेली, डोकं तापट, आणि तालुक्यातल्या माजी सैनिकांचे, त्यांच्या विधवांचे कागद वाचून देणं हा त्यांनी न मागता अंगावर घेतलेला उद्योग. मागच्या वर्षी ते कशाच्या तरी सहीसाठी घरी आले आणि व्यंकटरावांचा पेन्शनचा जुना इंग्रजी कागद चष्मा लावून वाचायला बसले. वाचता वाचता त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. कागदावर अपंगत्व शंभर टक्के लिहिलेलं होतं, आणि त्याच्याच खाली, सतत सोबत माणूस लागतो काय, या रकान्यात ‘नाही’.

मग त्यांनी दोघांना समजावून सांगितलं. जो जवान इतका जायबंदी झाला की चोवीस तास माणसाशिवाय त्याचं चालत नाही, त्याला पेन्शनच्या वर आणखी एक भत्ता असतो, त्या सोबतच्या माणसाचा म्हणून. मात्र तो आपोआप मिळत नाही. लष्करी डॉक्टरांच्या बोर्डानं बघून लिहावं लागतं, होय, याला माणूस लागतो. अयोध्याला हे ऐकून काही विशेष वाटलं नाही. माणूस कशाला, मी हाय की, एवढंच ती म्हणाली. अर्जुनरावांनी अर्ज केला आणि सहा महिन्यांनी बोर्डाचं बोलावणं आलं.

साहेबासमोर जायचं म्हणताच दोघांच्या अंगात वेगळंच वारं शिरलं. अयोध्यानं आदल्या दिवशी कोट काढून उन्हात टाकला. बूट घासले, जे पाय एकोणीस वर्षांत जमिनीला टेकले नव्हते त्या पायांचे. व्यंकटरावांनी मिशी दोनदा कातरून घेतली. जीपमधून रात्रभराचा प्रवास करून ते छावणीच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा तिथल्या एका शिपायाला वाटलं की हे कुणातरी पेशंटला भेटायला आलेले पाहुणे आहेत.

टेबलामागच्या कर्नलनं फाइल चाळत विचारलं, “कोई तकलीफ?”

फौजेत हा प्रश्न हजार वेळा विचारला जातो आणि त्याचं उत्तर एकच असतं. थंडीनं बोटं काळी पडलेली असोत, घरी बाप वारलेला असो, साहेबानं विचारलं की जवान छाती काढून तेच म्हणतो. व्यंकटरावांनी बसल्या जागी पाठ ताठ केली.

“नहीं साब.”

कर्नलनं अयोध्याकडं बघितलं. यांचं आंघोळपाणी, शौचाला जाणं कसं होतं, असं तिला तिथल्या मराठी नर्सिंग असिस्टंटनं विचारलं. खोलीत चार परके पुरुष. नवरा शेजारी कोट घालून बसलेला. अशा ठिकाणी कोणती बाई खरं सांगेल? अयोध्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “समदं त्येंचं त्येच करत्यात.”

दोन मिनिटांत दोघांनी मिळून आपलं घर आपल्याच हातानं पाण्यात घातलं, आणि परत येताना जीपमध्ये दोघं खूश होती. साहेब चांगला होता म्हणे.

नकाराचं पत्र आलं तेव्हा अर्जुनराव एवढे भडकले की चहा न घेता निघून गेले. अयोध्याला मात्र त्या दिवशीही त्याचं फार काही वाटलं नाही. वाटायची वेळ त्यानंतर दीड महिन्यानं आली. एका सकाळी व्यंकटरावांना खुर्चीत घेताना तिच्या ओटीपोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि ती खाटेच्या कडेला धरून खाली बसली. नवरा तसाच अर्धा खाटेवर, अर्धा तिच्या खांद्यावर. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, गर्भाशय खाली सरकलंय, वर्षानुवर्षं वजन उचलून. ऑपरेशन केलं. घरी सोडताना बजावलं, की यापुढं भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, माणूस तर लांबच राहिला. पुन्हा तसं झालं तर मग आमच्याकडं रडत येऊ नका.

अयोध्या एकवीस दिवस माहेरच्यांच्या मदतीनं घरीच पडून राहिली आणि बाविसाव्या दिवशी पहाटे उठून तिनं नवऱ्याला खुर्चीत बसवलं. दुखलं, तरी ओठ मिटून. त्या दिवशी ओट्यावर व्यंकटरावांनी पेपर उघडला नाही.

आता उचलायला दोन वेळा एक गडी ठेवायचा म्हटलं, तर पेन्शन घरात, औषधात आणि दीपालीच्या नांदेडच्या कॉलेजात सगळी मुरत होती. दीपाली म्हणाली, मी शिक्षण सोडून घरी येते. तिला दोघांनीही गप्प केलं. आणि मग एके दिवशी अर्जुनरावांच्या तोंडून निसटलं, की व्यंकटरावांनी त्यांना गुपचूप एक फॉर्म भरायला लावलाय. पुण्याकडं असल्या जवानांसाठी लष्कराचं एक केंद्र आहे, तिथं कायमचं राहायला जायचा. दिवाळीनंतर.

अयोध्या एक अख्खा दिवस नवऱ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, अंग पुसलं, कूस बदलली, सगळं न बोलता. संध्याकाळी तोच म्हणाला, “अगं, तिथं सोय चांगली असते. तुझा जीव जाऊन राहिला माझ्यापायी.”

“माझा जीव माझा हाय,” ती म्हणाली. “तुमाला कुणी इचारलं?”

दुसऱ्या दिवशी ती स्वतः बस धरून हदगावला गेली आणि अर्जुनरावांना म्हणाली, काय ते अपील म्हनत हुता, ते करा. तिला आता नीट कळलं होतं. तो भत्ता मिळाला तर घरात गडी येईल आणि नवरा घरात राहील. नाही मिळाला तर दिवाळीनंतर ओटा रिकामा. आणि हे होत्याचं नव्हतं कुणी केलं, तर तिच्याच चार शब्दांनी.

अपिलाला गावातल्या लोकांची लेखी साक्ष लागेल, असं अर्जुनराव म्हणाले. फौजींना सतत माणूस लागतो, आम्ही डोळ्यांनी बघतो, एवढं लिहून द्यायचं. त्यात काय अवघड. ते सरपंच पंचशीलाताईंकडं गेले. पंचशीलाताई सरळ बाई, खोटी सही कधी केली नाही म्हणून निवडून आलेल्या. त्या म्हणाल्या, “काका, फौजीसाठी जीव देईन मी. पण डोळ्यांनी बघते असं कसं लिहू? मी तर रोज बघून राहिले, त्ये समदं आपलं आपण करत्यात.” शेजारच्यांनी तेच सांगितलं. दूधवाल्यानं तेच सांगितलं. एकोणीस वर्षांत एकानंही या माणसाला कुणी उचलताना पाहिलेलं नव्हतं. शाळेतल्या दयानंद मास्तरांनी तर मोठ्या प्रेमानं दोन पानांचं पत्र लिहून थेट बोर्डाच्या पत्त्यावर टपालात टाकलं. त्यात फौजींच्या स्वावलंबनाचं असं काही वर्णन होतं, की ते वाचून कुणीही भत्ता द्यायचं सोडून त्यांना पुन्हा पलटणीत घेतलं असतं. मास्तरांनीच अर्जुनरावांना त्याची नक्कल दाखवली, तेव्हा ते त्यांच्या तोंडावर हसले, आणि बाहेर येऊन मात्र विजेच्या खांबाला लाथ मारली.

शेवटी त्यांनी अयोध्याला बाजूला घेऊन सांगितलं, की आता एकच उपाय उरला. बोर्डापुढं माणूस दिसला पाहिजे तसा दिसू दे. आठ दिवस दाढी नको. कपडे मळके. आदल्या दिवशी आंघोळ नको. पिशवीवर शाल नको. वास आला तर येऊ दे, उलट बरं. हे सांगताना ते स्वतः खाली मान घालून बोलत होते.

अयोध्यानं ते ऐकलं आणि केलं. आठ दिवस तिनं नवऱ्याच्या गालावर वस्तरा फिरवला नाही. ती त्याला ओट्यावरही आणत नसे, लोकांनी विचारलं तर खोकला झालाय म्हणून सांगे. व्यंकटरावांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. तिच्या डोळ्यांत बघायचे आणि पुन्हा छताकडं. निघायच्या दिवशी तिनं त्याला बिनइस्तरीचा शर्ट घातला.

रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी जीप दवाखान्याच्या फाटकाशी थांबली. अर्जुनराव नावनोंदणीला आत गेले. अयोध्यानं नवऱ्याकडं बघितलं. पांढरे खुंट वाढलेले, शर्टावर चहाचा डाग, मान खाली. फाटकातून जवान ये-जा करत होते, त्यांतल्या कुणाच्या नजरेला नजर भिडू नये म्हणून तो आपल्या गुडघ्यांकडं बघत बसला होता. आणि अयोध्याच्या मनात आलं, की त्या चुलतीनं निदान नुसता पदर लावला होता. हे तर मी स्वतः करून राहिले.

फाटकाच्या आत झाडाखाली पाण्याचा नळ होता. तिनं खांद्यावरच्या थैलीतून वस्तरा, साबण, टॉवेल काढला. होय, ते ती घेऊनच आली होती, का आणलं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिथंच, येत्या-जात्या माणसांसमोर, तिनं नवऱ्याची दाढी केली. मान पुसली, कानामागं पुसलं. थैलीतला दुसरा शर्ट, तो मात्र घडी केलेला होता, तो चढवला. अर्जुनराव कागद घेऊन बाहेर आले, त्यांनी हे बघितलं आणि नळाच्या कट्ट्यावर मटकन बसले. मग उठून त्यांनी व्यंकटरावांची कॉलर सरळ केली.

या खेपेला टेबलामागं बाई होत्या. लेफ्टनंट कर्नल मालविका, मूळच्या लातूरच्या, केस करडे, चष्म्यावरून बघायची सवय. बोलायला मराठी होत्या, पण मराठी म्हणून सैल सोडणाऱ्या नव्हत्या. फाइल त्यांनी आधीच वाचलेली होती.

“मागच्या बोर्डात तुम्ही सांगितलंत, काही त्रास नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मिसेसनी सांगितलं, सगळं स्वतः करतात. गावच्या मास्तरांचं पत्र आहे, त्यातही तेच आहे. आज बघते तर तुम्ही माझ्या अर्ध्या स्टाफपेक्षा टापटीप दिसताय. मग हे अपील कशासाठी?”

व्यंकटरावांनी सवयीनं पाठ ताठ केली. अयोध्याच पुढं झाली. मी खोटं बोलले होते, असं तिनं सांगितलं, शरम वाटली म्हणून बोलले. बाईंनी मान हलवली.

“ठीक आहे. मग आज खरं बोलताय हे मी कशावरून धरू? काय काय करता तुम्ही त्यांचं, सांगा.”

अयोध्यानं तोंड उघडलं. दाराशी शिपाई आणि अर्जुनराव उभे होते, कोपऱ्यात कारकून लिहायला बसला होता. तिला आठवलं सगळं, पाणी, नळी, हातमोजा, पण त्यातला एक शब्द जिभेवर येईना. नवऱ्याच्या देखत त्याचं हे चारचौघांत कसं उघडं करायचं. घर जाऊन राहिलं होतं आणि तिच्या तोंडाला कुलूप. डोळ्यांतून पाणी आलं तेवढंच.

बाईंनी पेन उचललं. त्या आता काहीतरी लिहिणार, एवढ्यात खुर्चीतून आवाज आला. ओट्यावरचा गप्पांचा आवाज नव्हता तो. अयोध्यानं तो लग्नानंतरच्या एका सुट्टीत ऐकला होता, फोनवर आपल्या हवालदाराशी बोलतानाचा.

“मॅडम, परवानगी असेल तर रिपोर्ट देतो.”

तक्रार करायला या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं. पण चौकीवरचा रिपोर्ट द्यायला शिकवलं होतं. वेळ सांगायची, काय घडलं ते सांगायचं, कुणी केलं ते सांगायचं. कमी नाही, जास्ती नाही, आपलं मत नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“साडेचार वाजता उठते,” व्यंकटराव समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले. “चार चाळीसला पिशवी रिकामी करते. पाच वाजता, एक दिवसाआड, बोटानं शौच काढते. मला कळत नाही, वास येतो तेवढा. पाच वीसला अंग पुसते. पाच पस्तीसला पाठ बघते. कंदील असायचा पूर्वी, आता बॅटरी. सहाला मला उचलते. माझं वजन एकाहत्तर किलो, तिचं अठ्ठेचाळीस. पंधरा मिनिटं कमी-जास्त, एकोणीस वर्षं. सुट्टी नाही. तिचं ऑपरेशन झाल्यावर एकवीस दिवस तिचे भाऊ होते. बाविसाव्या दिवशी परत ड्युटीवर.”

असं ते दुपारच्या, मग संध्याकाळच्या कामांपर्यंत सांगत गेले. टाचेखालच्या उशा, त्या तिच्या जुन्या लुगड्यांच्या. गादीचा कापूस ती दर वर्षी पिंजून घेते ते. पायांना तेल लावून गुडघे वाकवते ते, डाव्याला चाळीस वेळा, उजव्याला चाळीस वेळा. त्यांनी एकही गोष्ट झाकली नाही आणि एकदाही आवाज हलला नाही. ज्या माणसानं एका पदरापायी दोन दिवस अन्न सोडलं होतं, त्यानं आज चार परक्यांसमोर स्वतःला सबंध उघडं केलं. कड्यावरून पडला ते नशीब होतं, त्यात कसली मर्दुमकी. मर्दुमकी ही होती. अयोध्या पदर तोंडात धरून ऐकत राहिली. आपण करतो ते या माणसाला इतकं मिनिटा-मिनिटानं ठाऊक आहे, हे तिला आज कळत होतं.

रिपोर्ट संपला. बाई उठल्या आणि म्हणाल्या, पाठ बघू द्या. शिपायानं आणि अर्जुनरावांनी मिळून त्यांना टेबलावर पालथं घेतलं. दोन धडधाकट पुरुषांना त्यासाठी तीनदा जोर लावावा लागला, हे बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांनी हातांनी पाठ चाचपली, माकडहाडाशी, कुल्ल्यांशी, टाचांशी. बराच वेळ. लेकराच्या पाठीसारखी कातडी होती. फक्त उजव्या कुल्ल्यावर रुपयाएवढा एक जुना व्रण होता.

“हा कधीचा?” त्यांनी विचारलं.

हे सांगायला अयोध्याला लाज वाटायचं कारण नव्हतं. चूक तिची होती असंच ती समजत आली होती. ती खाली मान घालून म्हणाली, “तेरा वर्सं झाली. माझी माय वारली तवा मी अहमदपूरला गेल्ते. दोन दिस. मागं दीर होता, पण ह्ये हाक मारत न्हाईत ना कुणाला. येऊन बघते तर एवढी जखम. भरायला पाच महिने लागले. तवापासून म्या माहेरी मुक्काम केला न्हाई.”

बाई बेसिनकडं वळल्या. त्यांनी हात धुतले, खुर्चीत बसल्या आणि कारकुनाला म्हणाल्या, मी लिहिते. मग पेन हातात घेऊन त्या अयोध्याला म्हणाल्या, “माझ्या वॉर्डात तीन पाळ्यांत शिकलेल्या नर्स आहेत. तरी महिन्यातून एका पेशंटला तरी जखम होतेच. मागच्या बोर्डानं यांची ही टापटीप बघितली आणि लिहिलं, प्रकृती उत्तम, माणूस लागत नाही. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा मीही तेच समजले होते. दोन दिवस तुम्ही नव्हता, ते हे इथं उमटलंय. बाकीची पाठ तुम्ही आहात. मी लिहितेय, सतत माणूस लागतो. कायमचा.”

अर्जुनरावांनी नाक शिंकरलं. ते आणि शिपाई व्यंकटरावांना पुन्हा खुर्चीत घेत होते, तशी अयोध्या सवयीनं पुढं झाली, बाईंनी तिला हातानं थांबवलं.

मग रकाने भरायला सुरुवात झाली. सोबत कोण असतं, पत्नी. केव्हापासून, घरी आणल्याच्या तारखेपासून. रात्री कूस किती वेळा बदलावी लागते?

“तीनदा,” अयोध्या म्हणाली.

“चारदा,” व्यंकटराव म्हणाले.

बाईंनी दोघांकडं बघितलं. अयोध्या जरा रागानंच म्हणाली, की करणारी मी का तुमी? दहाला, बाराला आणि अडीचला. तीनच.

“कूस तीनदा,” व्यंकटराव म्हणाले. आता ते भिंतीकडं बघत नव्हते. “पण साडेतीनच्या सुमाराला ती अजून एकदा उठते, मॅडम. माझ्या नाकाजवळ हात धरते. हाताला श्वास लागला की मग पडते.”

अयोध्याला एकदम खाली कुठंतरी बघावंसं वाटलं. खरं होतं ते. पहिल्या वर्षापासूनचं होतं. पण ते तिनं कधी मोजलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. ते काम थोडंच होतं? ती आपली भीती होती, तिची तिला.

“तुमी जागे असता?” तिनं विचारलं. तिला तिथल्या बाकीच्यांचा विसर पडला होता.

“असतो.”

“मग डोळे का न्हाई उघडत?”

“उघडले, तर तू हात लवकर काढशील,” ते म्हणाले.

बाईंनी रकान्यात चार लिहिलं, खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत कागद तसाच समोर धरून बसल्या.